हरितेचे बीजुक आणि संजीवकांचा कारभार

नाशिक, सांगली किंवा सोलापूर या जिल्ह्यांतील द्राक्षबागाईतदाराला जिबरेलिक आम्ल म्हणजे काय, हे समजावून सांगण्याचे प्रयोजन आता उरलेले नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेलीवर घड दिसू लागला, की त्याची पाकळी लांबावी म्हणून फवारणीने, आणि मणी धरल्यावर त्यांची फुगवण व्हावी म्हणून प्रत्येक घड द्रावणात बुडवून, तो हे द्रव्य वापरतो. या बुडविण्याला तो ‘डिपिंग’ म्हणतो आणि त्या द्रव्याला, तसेच त्याच्या जातीच्या इतर द्रव्यांना, संजीवके म्हणतो. बिनबियांच्या द्राक्षाला या बाहेरच्या साहाय्याची गरज का पडते, याचे कारणही शास्त्राला धरून आहे. बी असलेल्या फळात मण्याची वाढ घडविणारे जिबरेलीन मुख्यतः त्या बीपासूनच मिळते, आणि जेथे बी खुरटले तेथे ते बाहेरून पुरवावे लागते. इतके सूक्ष्म ज्ञान एका पिढीच्या आत बांधापर्यंत पोहोचले, ही महाराष्ट्राला भूषणावह अशीच गोष्ट आहे. परंतु या ज्ञानाच्या सोबत एक समजूतही पोहोचली आहे, ती अशी, की प्रत्येक संजीवकाला नेमून दिलेले एक काम असते: जिबरेलीन म्हणजे वाढ, सायटोकायनिन म्हणजे फूट, ॲबसिसिक आम्ल म्हणजे झोप. ही समजूत अपुरी आहे. आणि तिचा अपुरेपणा जितक्या स्वच्छपणे एका अत्यंत क्षुद्र मानल्या गेलेल्या वनस्पतीच्या, म्हणजे हरितेच्या, बीजुकाच्या रुजण्यातून दिसून येतो, तितका तो कोणत्याही बागेत दिसत नाही, असे माझे मत आहे.

पावसाळ्यात जुन्या वाड्यांच्या भिंतींवर, विहिरींच्या कठड्यांवर, गडांच्या तटबंदीवर आणि सह्याद्रीतील झाडांच्या बुंध्यांवर जो मऊ हिरवा गालिचा पसरतो, आणि ज्याला आपण सरसकट शेवाळ म्हणून मोकळे होतो, त्यात हरितांचा, म्हणजे इंग्रजीत ज्यांना मॉस म्हणतात त्यांचा, भरणा पुष्कळ असतो. त्यांना खरी मुळे नसतात, फूल नसते, फळ नसते, आणि बीही नसते. त्यांच्या बारीक देठाच्या शेंड्यावर एक इवलासा बीजुककोश धरतो. तो पक्व होऊन उघडला, की त्यातून हजारो बीजुके वाऱ्यावर जातात. बीजुक म्हणजे एक पेशी, एवढेच. बियांमध्ये आईने घडवून ठेवलेला गर्भ असतो, त्याच्यासाठी साठवलेली शिदोरी असते, आणि त्या दोहोंभोवती आवरण असते. बीजुकाच्या बाबतीत गर्भ नाही, शिदोरी अल्प, आणि संरक्षणाला एक जाड भित्ती मात्र आहे. तरीदेखील बीजापुढे जो प्रश्न उभा असतो तोच या एकट्या पेशीपुढेही असतो, की रुजावे, की थांबावे. थांबलेले बीजुक पुढल्या ओलाव्याची वाट पाहू शकते. रुजलेल्या बीजुकाला परतीचा रस्ता नसतो.

बियांच्या बाबतीत हा निर्णय कसा होतो, याचा उलगडा विसाव्या शतकात बऱ्याच अंशी झाला. बी तयार होताना तिच्यात ॲबसिसिक आम्ल साठते आणि ते तिला निद्रेत ठेवते; पुढे ओलावा, उजेड व उष्णमान यांची अनुकूलता जुळून आली, की त्या आम्लाचा अंमल ओसरतो, जिबरेलीनचा अंमल चढतो, आणि कोंब बाहेर पडतो. ज्या मक्याच्या वाणांत ॲबसिसिक आम्ल बनविण्याची शक्ती नष्ट झालेली असते त्यांचे दाणे कणसावर असतानाच रुजू लागतात, हे अभ्यासकांनी पूर्वीच दाखविले आहे. परतीच्या पावसात काढणीला आलेल्या सोयाबीनच्या शेंगांतच कोंब फुटलेले पाहण्याचा दुर्धर प्रसंग मराठवाड्याच्या व विदर्भाच्या शेतकऱ्यावर ज्या वर्षी येतो, त्या वर्षी त्याला या निद्रेची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. उजेडाचेही तसेच. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील प्रयोगशाळेत १९५२ साली असे दिसून आले, की लेट्यूसच्या एका वाणाच्या बियांवर तांबडा प्रकाश टाकला तर त्या रुजतात, त्यापाठोपाठ दूरतांबडा प्रकाश टाकला तर थांबतात, आणि हा क्रम कितीही वेळा पुनरावृत्त केला तरी शेवटी जो प्रकाश पडला असेल त्याचाच शब्द अखेरचा ठरतो.

आता साहजिकच असा तर्क मनात येतो, की हरिता ही बीजधारी वनस्पतींपेक्षा प्राचीन शाखा असल्यामुळे, बीजातील ही यंत्रणा तिच्या बीजुकात अधिक साध्या स्वरूपात का होईना, पण तीच असावी. हा तर्क पारखून पाहण्यास योग्य अशी एक हरिता शास्त्रज्ञांच्या हाती होती. फिस्कोमिट्रियम पेटन्स हे तिचे आजचे नाव. फिस्कोमिट्रेला या जुन्या नावाने ती अधिक ओळखली जाते. इंग्लंडात केंब्रिजपासून फार दूर नसलेल्या ग्रॅन्सडन वनातून एच. एल. के. व्हाइटहाउस यांनी १९६२ साली ती आणली, आणि त्यांनी एका बीजुकापासून वाढविलेल्या वंशाच्या संतती आज जगभरच्या प्रयोगशाळांत नांदत आहेत. २००८ साली तिचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, आणि हा मान मिळविणारी ती पहिलीच हरिता होती. तिच्या हिरव्या शरीरातील पेशींत गुणसूत्रांचा एकच संच असल्यामुळे एखादे जनुक काढून टाकले तर त्याचा परिणाम दुसऱ्या प्रतीआड दडून राहत नाही. शिवाय तिच्यात नेमके हवे ते जनुक गाठून बदलता येते, ही सोय तर वनस्पतिसृष्टीत दुर्मिळच.

बर्मिंगहॅम विद्यापीठात ज्युलिएट कोट्स यांच्या प्रयोगशाळेतून एलिनॉर व्हेस्टी आणि त्यांचे सहकारी यांनी या हरितेच्या बीजुकांवर केलेले प्रयोग २०१६ साली ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांचा निष्कर्ष मला विलक्षण वाटतो. बाहेरून येणारी वर्तमाने बीजाला आणि बीजुकाला समानच कळतात. प्रकाश हवा, तांबड्या प्रकाशाने चालना मिळते, दूरतांबड्याने खीळ बसते, उष्णमान मर्यादेपलीकडे गेले की अंकुरण तहकूब होते. परंतु ती वर्तमाने आत पोहोचविणारी आणि त्यांवर निर्णय करणारी जी संप्रेरकांची, म्हणजे वनस्पतीच्या अंगच्या संजीवकांची, व्यवस्था बीजात आहे, ती बीजुकात तशी नाही. ॲबसिसिक आम्ल बीजुकालाही थोपविते, पण बीजात त्याचा जो दरारा आहे तो येथे दिसत नाही. जिबरेलीनच्या कुळातील द्रव्यांचे महत्त्वही बीजाच्या मानाने अल्प. या संशोधकांचा अंदाज असा, की अंकुरणाचे नियमन करणारी संप्रेरकांची जाळी बीजुकात आणि बीजात स्वतंत्रपणे विणली गेली असावीत. प्रश्न एकच, बाहेरची परिस्थिती एकच, आणि उत्तर काढण्याच्या पद्धती मात्र दोन, असा हा प्रकार आहे.

मग ॲबसिसिक आम्लाचे हरितेत काम तरी काय? ते फार मोठे आहे, पण ते दुसऱ्या खात्यातले आहे. हरितेला पाणी आत धरून ठेवण्याची साधने थोडी. हवा कोरडी झाली की तीही कोरडी पडते. अशा प्रसंगी ॲबसिसिक आम्ल तिच्या पेशींना सुकणे आणि गोठणे सोसण्यास सिद्ध करते, इतके की या द्रव्याचा पूर्वसंस्कार झालेले फिस्कोमिट्रियमचे तंतू एरवी ज्या शुष्कतेने मरतील तिच्यातूनही वाचतात. यावरून मला असे म्हणावेसे वाटते, की या द्रव्याची मूळ नेमणूक दुष्काळाच्या बंदोबस्तावर होती, आणि पुढे जेव्हा बीज नावाची नवी वस्तू अवतरली, व तिलाही सुकून टिकून राहणे आवश्यक झाले, तेव्हा हेच जुने द्रव्य तिच्या दारावर येऊन बसले आणि हळूहळू दार उघडण्या-मिटण्याचा अधिकारही त्याच्याकडे आला.

याहूनही उद्बोधक कथा स्ट्रायगोलॅक्टोन या संप्रेरकाची आहे, आणि तिचा आरंभ आपल्या ओळखीच्या पिकात आहे. ज्वारीच्या रानात टारफुला नावाचे एक तण उगवते. दिसायला नाजूक, पण ज्वारीच्या मुळाला मुळाने बिलगून तिचे अन्नपाणी शोषणारे. त्याचे बी धुळीसारखे बारीक असते आणि वर्षानुवर्षे जमिनीत जिवंत राहते, परंतु यजमानाचे मूळ जवळ आल्यावाचून ते रुजत नाही. त्या मुळातून असे कोणते द्रव्य स्रवते, याचा शोध घेता घेता १९६६ साली अमेरिकी संशोधकांनी याच कुळातील स्ट्रायगॉल नावाचे द्रव्य वेगळे काढले, आणि चमत्कार असा, की ते त्यांना सापडले कपाशीच्या मुळांच्या स्रावात, जिच्यावर टारफुला जगूच शकत नाही. (कपाशीचे पीक घेतल्याने टारफुल्याचे बी फसून रुजते आणि मरते, या अनुभवाचे कारण हेच.) वनस्पती आपल्या शत्रूला स्वतःहून हाक का मारील, हे कोडे जवळजवळ चाळीस वर्षे तसेच राहिले. २००५ साली जपानमध्ये दिसून आले, की ही हाक मुळात मित्रासाठी आहे. मुळांशी सहजीवन करून त्यांना स्फुरद पुरविणाऱ्या बुरशीला ती बोलाविते, आणि टारफुला ती चोरून ऐकतो. पुढे २००८ साली फ्रान्स व जपान येथील दोन गटांनी सिद्ध केले, की हेच द्रव्य वनस्पतीच्या अंगात फांद्यांची फूट आवरून धरणारे संप्रेरकही आहे.

हरितेत येताच याच द्रव्याचे आणखी एक रूप प्रकट होते. फिस्कोमिट्रियमच्या ज्या वंशात ते तयार होत नाही त्याच्या वसाहती थांबावयाचे तेथे थांबत नाहीत, पसरतच राहतात; शेजाऱ्यांची चाहूल घेऊन आपला विस्तार आटोपता घेण्यासाठी हरिता या द्रव्याचा उपयोग करते, असे फ्रेंच संशोधकांनी २०११ साली दाखविले. आणि बीजुकाच्या बाबतीत बर्मिंगहॅमच्या प्रयोगांत असे दिसले, की स्ट्रायगोलॅक्टोनने त्याचे रुजणे लांबणीवर पडते. म्हणजे जे द्रव्य सोलापूरच्या शिवारात टारफुल्याच्या बीला उठ म्हणून सांगते, तेच द्रव्य हरितेच्या बीजुकाला थांब म्हणते. दाटीच्या जागी नव्या बीजुकाने रुजून उपासमार ओढवून घेण्यापेक्षा थांबणे हितावह, असा या मनाईचा हेतू असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे. पण हेतू काहीही असो, द्रव्याच्या रेणूत ‘रुज’ किंवा ‘थांब’ असे काही लिहिलेले नसते, हे येथे निर्विवाद होते. एकाच मजकुराचा खलिता दोन निरनिराळ्या कचेऱ्यांत पोहोचावा, आणि प्रत्येक ठिकाणच्या अंमलदाराने आपल्या दफ्तरातील पूर्वीचे कागद पाहून त्यावर वेगळा हुकूम काढावा, तसे संप्रेरकाचे आहे. अर्थ खलित्यात अर्धा, आणि तो वाचणाऱ्या पेशीच्या इतिहासात अर्धा.

या वाचणाऱ्यांपैकी एक असे प्रथिन आहे, की त्याच्यावर या देशाचे पोट एका काळी अवलंबून होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्याचे नाव डेला. त्याच्या साखळीतील पाच अमिनो आम्लांच्या अक्षरांवरून ते पडले आहे. सपुष्प वनस्पतींत हे प्रथिन वाढीला लगाम घालते, आणि जिबरेलीन आले की त्या लगामाचा नाश होऊन वाढ मोकळी होते. जपानच्या नोरिन १० या बुटक्या गव्हातून जो गुण नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत आपल्या वाणांत उतरविला, तो या डेलाचाच एक विकार होता, हे १९९९ साली कळले. त्या गव्हातील डेला जिबरेलीनला जुमानत नाही, म्हणून ताट आखूड राहते, भरपूर खत दिले तरी लोळत नाही, आणि ओंबीचे ओझे पेलते. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून अठरा हजार टन बियाणे मागविले, ते अशाच बुटक्या गव्हाचे. द्राक्षवेलीतही असाच एक विकार आढळला आहे, आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसते, की तेथे डेला जिबरेलीनला दाद देईनासे झाल्यामुळे ज्या जागी बाळी (वेलीचा ताणा) यावयाची त्या जागी घड येतो. घड जिरून बाळी होण्याच्या संकटाने हवालदिल होणाऱ्या बागाईतदाराने या वाक्यावर क्षणभर थांबावे, अशी माझी विनंती आहे. मणी फुगविणारे जिबरेलीनच, वेगळ्या वेळी व वेगळ्या जागी, घडाच्या विरुद्ध साक्ष देते.

हरितेत डेला आहे, परंतु जिबरेलीन नाही. जिबरेलीन बनविण्याच्या वाटेवरील पहिल्या काही पायऱ्या तिच्यात आहेत, त्या पायऱ्यांवरची द्रव्ये तिला निराळ्या कामी येतात, पण शेवटचे जिबरेलीन तिच्यात तयार होत नाही, आणि त्याला ओळखून डेलाशी गाठ घालून देणारा ग्राहकही नाही. २०२३ साली कोट्स यांच्या गटाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हरितेचे डेला त्या कुळातील द्रव्यांनी नष्ट होत नाही, हे स्पष्ट झाले. तरीही बीजुकाच्या अंकुरणाच्या नियमनात आणि प्रजननेंद्रियांच्या घडणीत त्याचा हात आहे, हेही त्याच अभ्यासात दिसले. ज्या प्रथिनाला आपण जिबरेलीनचा ताबेदार समजत होतो, ते जिबरेलीनच्या आधीपासून आपल्या कामावर रुजू होते, आणि ताबेदारी त्याच्या माथी मागाहून आली, असा याचा अर्थ मी घेतो. नेचे हा हरिता आणि बीजधारी वनस्पती या दोहोंमधला टप्पा आहे. काही नेच्यांची आधी वाढलेली रोपटी जिबरेलीनच्याच कुळातील द्रव्ये भोवताली सोडतात, आणि त्यांच्या प्रभावाने शेजारची बीजुके अंधारातसुद्धा रुजतात.

आता कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे अनादराने झटकून टाकण्यासारखे नाही, की ज्या राज्यात शेतकरी कर्जाने आणि अवकाळी पावसाने जेरीस आला आहे, तेथे हरितेच्या बीजुकावर वेळ व द्रव्य खर्च करण्याची ही कोणती तऱ्हा? याला माझे पहिले उत्तर जिबरेलीनच्या स्वतःच्या चरित्रात आहे. भाताची रोपे अकारण उंच वाढून पडतात, या जपानी शेतकऱ्याच्या तक्रारीचा माग काढीत एईची कुरोसावा यांनी १९२६ साली फॉर्मोसातून हे सिद्ध केले, की तो दोष एका बुरशीने सोडलेल्या द्रव्याचा आहे. त्या द्रव्याला जिबरेलीन हे नाव १९३५ साली मिळाले, त्याचे स्फटिक १९३८ साली हाती आले, आणि पाश्चात्त्य जगाचे लक्ष त्याकडे वळण्यास दुसरे महायुद्ध संपावे लागले. बुरशीचा अभ्यास करणाऱ्या त्या माणसाला द्राक्षाच्या निर्यातीचे स्वप्न पडलेले नव्हते. माझे दुसरे उत्तर अधिक निकडीचे आहे. आज कृषिसेवा केंद्रांच्या फळ्यांवर टॉनिके, उत्तेजके आणि संजीवके यांच्या बाटल्यांची दाटी आहे. केंद्र सरकारला २०२१ साली जैव-उत्तेजकांचा समावेश खत नियंत्रण आदेशात करावा लागला, तो या पसाऱ्याला काही दाखला, काही कसोटी असावी म्हणूनच. परंतु कायद्याची कसोटी बाटलीत काय आहे हे ठरवील. ते द्रव्य कोणत्या पिकात, कोणत्या अवस्थेत, कोणत्या पेशीत जाऊन काय अर्थ घेईल, हे ओळखणारी बुद्धी कायद्याने येत नाही. ती बुद्धी, एकाच रेणूला वनस्पतिसृष्टीत किती निरनिराळी उत्तरे मिळतात हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या कृषिपदवीधरापाशी असेल. आणि ते दाखविण्यास हरितेचे बीजुक, नेच्याचे बीजुक आणि ज्वारीचे बी ही तीन पात्रे शेजारी-शेजारी ठेवण्याइतके सुलभ साधन दुसरे नाही.

आणि हे काम आपल्याला परके आहे, असेही नाही. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एम. एम. जोहरी यांनी फ्युनेरिया या हरितेच्या तंतूंवर अनेक वर्षे अभ्यास केला. बीजुकातून निघालेला हिरवा तंतू एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जातो तो ऑक्झिन या संप्रेरकाच्या नियमनाने, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७३ साली ‘नेचर’च्या जीवशास्त्रविषयक पुरवणी-नियतकालिकात मांडले. हीच फ्युनेरिया आपल्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमात भेटते. मात्र ती बहुधा भेटते ती काचपट्टीवर कापून रंगविलेली, किंवा जर्नलातील आकृतीत नावे देण्यापुरती. जिच्या बीजुकाला प्रकाश दाखवून दोन-चार दिवसांत रुजताना पाहता येते, तिला मृत स्वरूपात शिकविण्याचा हा रिवाज मला अक्षम्य वाटतो. खर्चाची सबब येथे टिकत नाही. आगर, काही क्षार, काचेच्या बश्या, रंगीत प्रकाशगाळण्या आणि एक बरा सूक्ष्मदर्शक, एवढ्या सामग्रीत या प्रयोगांचा मोठा भाग होऊ शकतो.

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आणि माथ्यावर जांभ्या दगडाचे जे सडे आहेत, ते चार महिने पाण्यात भिजतात आणि उरलेले महिने उन्हात तापतात. कासच्या पठारावर फुलांसाठी लोटणाऱ्या गर्दीला आळा घालण्याची वेळ प्रशासनावर येते; परंतु त्याच खडकावर, त्या फुलांच्या पायथ्याशी, मार्चमधल्या एखाद्या अवकाळी सरीला न भुलता जूनची वाट पाहणे ज्यांना जगण्यासाठी आवश्यक आहे, अशी बीजुके पडलेली असतात. इंग्लंडच्या सौम्य हवेतील हरितेवर काढलेले निष्कर्ष या खडकावरच्या हरितांना कितपत लागू पडतात, उष्णमानाची मनाई येथे किती अंशांना बसते आणि किती दिवसांनी उठते, दाटीत स्ट्रायगोलॅक्टोन येथेही तसाच अडसर घालते काय, हे विचारण्याचा पहिला हक्क सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील महाविद्यालयांचा आहे. राहुरी, दापोली, अकोला व परभणी येथील कृषिविद्यापीठांनी त्यांच्याशी हातमिळवणी करून टारफुल्याचे बी आणि हरितेचे बीजुक एकाच प्रयोगात आणावे. आणि विद्यापीठांच्या ज्या समित्यांपुढे असे अर्ज येतात, त्यांनी ‘तात्काळ उपयोग’ या रकान्यातील रिकाम्या जागेवर बोट ठेवून ते परत पाठविण्याची प्रथा निदान या लहान रकमांपुरती बंद करावी. बीजुककोश पक्व होण्याचा हंगाम फार दिवसांचा नसतो. मंजुरीचा कागद त्याच्या आधी हाती पडला नाही, तर ते वर्ष फुकट जाते.